काळजाला लागलेले

मोर्शीकडे एखादा माणूस पन्नाशीत, छातीत कळ येऊन, उभ्याउभ्या गेला, म्हणजे डॉक्टरांनी दाखल्यावर काय लिहिले याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. ओसरीवर भेटीला बसलेली माणसे आपला निकाल स्वतंत्रपणे देतात. एक म्हणतो, "पोरीच्या सोयरिकीपासून त्यानं मनाले लावून घेतलं होतं." दुसरा म्हणतो, "काही बोले नाही ना बाप्पा तो, आतल्या आत झुरे." तिसरा काहीच बोलत नाही, तो नुसता आतल्या खोलीकडे, जिथे घरातल्या बायका बसलेल्या असतात तिकडे, एकदा पाहतो. त्या पाहण्याचा अर्थ सर्वांना कळतो. गेलेल्याची बायको तोंडाची फटकळ असली, तर निकाल तिच्यावर लागलेला असतो. बायको गेली असली, तर मात्र इतकी मीमांसा होत नाही. "बिचारी सुटली," एवढ्यावर ते प्रकरण मिटते.

या निकालासाठी मराठीत एक जुना प्रयोग आहे: हाय खाणे. आपली भाषा दुःखाला अन्नासारखे वागवते. आपण राग गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो, बोलणी खातो. जे बोलू नये ते पोटात ठेवतो. आणि इतके सारे पोटात गेल्यावर दुखते कुठे, तर काळजात. हे काळीज वास्तविक यकृत होय. खाटकाच्या दुकानात आजही त्याच अर्थाने ते मिळते. पण बोलीत ते केव्हाच सरकून छातीच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आहे. शब्द सरकला तरी कल्पना पक्की आहे, की जे गिळले ते जिरत नाही.

ही केवळ अडाण्यांची समजूत म्हणून सोडून द्यावी, तर चरकसंहिता आड येते. वातज हृद्रोगाच्या कारणांत चरकाने शोक घातला आहे, आणि चिकित्सास्थानात चिंता व भय यांनाही हृद्रोगाच्या कारणांत जागा दिली आहे. त्याहून विचार करायला लावणारा भाग सूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायात आहे. कोणते वेग रोखू नयेत आणि कोणते रोखावेत, असा तो विषय. शरीराचे वेग रोखू नयेत. शिंक, जांभई, भूक, झोप यांच्या यादीत चरकाने आसवेही बसवली आहेत, आणि आसवे रोखल्याने होणाऱ्या व्याधींत पडसे, नेत्ररोग यांच्याबरोबर हृद्रोगाचे स्पष्ट नाव घेतले आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे मनाचे वेग येतात. लोभ, शोक, भय, क्रोध हे मात्र शहाण्याने आवरावेत असे सांगितले आहे. म्हणजे शोक आवरावा, पण आसवे आवरू नयेत! प्रथम वाचताना ही विसंगती वाटते. मला तसे वाटत नाही. चरकाला घरातली माणसे ठाऊक असावीत. क्रोध दुसऱ्यावर जाऊन आदळतो, आसू आपल्यापुरता असतो. पहिला आवरला तर घर वाचते, दुसरा आवरला तर माणूस जातो. आपल्या घरांनी पुढे चरकाचा निम्माच अध्याय उचलला. आवरण्याचा भाग घेतला आणि वाहू देण्याचा सोडला.

वऱ्हाडच्या या कोपऱ्यात नवरा-बायकोच्या दुखावलेल्या मनांच्या कथांना तोटा नाही. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर जे ऊर्ध्व वर्धा धरण आहे, त्याच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. दमयंती विदर्भाची मुलगी. द्यूतात राज्य घालवून नल वनात आला आणि निजलेल्या बायकोला टाकून निघून गेला. वनपर्वातली दमयंती अशा वेळी काय करते? ती रडते. मोठ्याने, मोकळ्या रानात रडते. वाघाला विचारते, डोंगराला विचारते, अशोकाच्या झाडाला विचारते. ती आसवे गिळीत नाही, आणि कथेत शेवटपर्यंत तीच धडधाकट राहते. गावोगाव माणसे पाठवून हरवलेला नवरा शोधून काढते ती तीच.

दुसरी कथा याच तालुक्यातल्या रिद्धपूरची, आणि तीही जुगाराचीच. महानुभावांच्या लीळाचरित्राप्रमाणे चक्रधरस्वामी पूर्वाश्रमी भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव. त्यांना द्यूताचा नाद. एकदा ते हरले, आणि देणे भागवण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. देणे वडिलांनी फेडले. पण त्या नकाराने हरपाळदेवांचे मन संसारातून जे उठले ते पुन्हा बसले नाही. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि वाटेत रिद्धपुरास त्यांना गोविंदप्रभू भेटले. तेराव्या शतकातील त्या भेटीतून पुढे एक पंथ उभा राहिला आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ झाला, हे सर्वश्रुत आहे. पण कमळाइसेचे काय झाले? तिने आपले दागिने राखले, एवढाच तिचा गुन्हा. पुरुषाच्या काळजाला लागले, तेव्हा त्याला रामटेकची वाट मोकळी होती. बायकोच्या काळजाला लागले तर तिची वाट माजघरातून परसात आणि परसातून माजघरात, इतकीच. तिच्या मनाचे काय झाले ते विचारायला कोणी चरित्रकार थांबला नाही.

मराठ्यांच्या इतिहासात हाय खाऊन गेलेला सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे नानासाहेब पेशवे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झाले. मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव गेले. २३ जून १७६१ला पर्वतीवर नानासाहेब वारले. वय अवघे ४०. पुत्रशोक हे कारण बखरींपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत एकमुखाने सांगितले जाते, आणि ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. तथापि प्रकृती आधीपासूनच खालावली होती. आणि डिसेंबर १७६०मध्ये, फौज उत्तरेत उपाशी असताना, पैठणला त्यांनी दुसरे लग्न केले होते. गोपिकाबाईंसारख्या करारी पत्नीशी त्यानंतरच्या सहा महिन्यांत कसे बोलणे होत असेल, याची कल्पना करता येते. पण नाडी पाहून लिहून ठेवलेले काही आपल्या हाती नाही, तेव्हा या प्रकरणी अधिक बोलण्यात अर्थ नाही.

जिथे कागद बोलतात असे आपल्याकडचे प्रकरण एकच, आणि ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचे. न्यायमूर्ती हृच्छूलाने गेले, हे तेव्हाच्या डॉक्टरांचे निदान आहे, ओसरीवरचे नव्हे. आणि त्यांच्या संसाराचा वृत्तान्त त्यांच्या पत्नीने स्वतः लिहिलेला आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१०मध्ये निघाले. एका मराठी बाईने नवऱ्याच्या स्वभावाचे, त्याच्या बोलण्याचे आणि न बोलण्याचे इतके बारीक टिपण त्यापूर्वी केले नव्हते.

माधवराव रागावत नसत, ही त्यांची सर्वांत मोठी ख्याती. ती केवळ बाहेरची ख्याती नव्हती. १८७३मध्ये पहिली पत्नी सखूबाई वारली. माधवराव तेव्हा विधवाविवाहाच्या चळवळीत उघडपणे उभे होते. ते आता विधवेशीच लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि वडील गोविंदरावांची भीतीही तीच होती. वडिलांनी घाईने कुर्लेकरांची ११ वर्षांची मुलगी ठरवली आणि आपला शब्द मोडला तर घर सोडून जाण्याची भाषा केली. माधवराव ३१ वर्षांचे, न्यायाच्या आसनावर बसणारे, शेकडो पक्षकारांचे वाद तोडणारे. या वादात त्यांनी स्वतःविरुद्ध निकाल दिला आणि त्याच डिसेंबरात लग्न केले. पुढे २७ वर्षे वर्तमानपत्रांनी, विरोधकांनी आणि मधून मधून स्वपक्षीयांनीही तो प्रसंग त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्याचे समर्थन केले नाही आणि वडिलांना दोषही दिला नाही.

१८७९मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्याचा बुधवारवाडा जळाला, आणि सरकारने संशयाने रानड्यांना धुळ्यास हलवले. त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. हे त्यांना ठाऊक होते. तक्रारीचा सूर त्यांनी काढला नाही. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उठले. १८९२मध्ये, स्नेह्यांच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून, मनाला न पटणारे प्रायश्चित्त त्यांनी घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही. म्हणजे बाहेर सनातनी हसले, सुधारक चिडले, आणि घरात पत्नीचीही नाराजी. या माणसाने किती गिळले असेल!

पण या घरात गिळणारा एक नव्हता. माधवरावांनी लग्न होताच रमाबाईंना शिकवायला घेतले. रात्री वर धडा आणि दिवसा खाली घरातल्या वडील बायकांची टोचणी, अशी त्या मुलीची अनेक वर्षे गेली. इंग्रजी पुस्तक हाती दिसले की शब्द लागत. मुलींच्या इंग्रजी शाळेसाठी पुण्याच्या सभेत त्यांनी इंग्रजीत मानपत्र वाचून दाखवले, तेव्हा तर घरी त्याचे पारणे बराच काळ फिटत होते. हे सर्व माधवरावांना कळत होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते एक शब्द बोलले नाहीत. पत्नीला सांगितले ते एवढेच, की सोसावे, उलट बोलू नये. त्यांनी तिला स्वतःचाच स्वभाव शिकवला. मुळाक्षरांबरोबर गिळण्याचाही धडा दिला.

आणि त्यांचा राग? तो होता, पण त्याला आवाज नव्हता. सुधारक मंडळी आणि घरातल्या बायका यांच्या ओढाताणीत एकदा रमाबाईंच्या हातून नवऱ्याला न आवडणारी गोष्ट घडली. माधवराव रागे भरले नाहीत. त्या रात्री ते फक्त बोलले नाहीत. रोजच्याप्रमाणे त्या त्यांच्या तळपायांना तूप चोळीत बसल्या, आणि ते गप्प पडून राहिले. त्या अबोल्याने आपल्याला जी शिक्षा झाली, तिचे वर्णन रमाबाईंनी कोणताही दोष न देता केले आहे. आजचा वाचक मात्र तिथे थबकतो. तूप चोळणारे हात आणि न हलणारे पाय. दोघांपैकी कोणाचे काळीज त्या रात्री जास्त जोराने धडधडत असेल?

१८९७च्या डिसेंबरात माधवराव आमच्या वऱ्हाडात येऊन गेले. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला राष्ट्रीय सभा भरली होती, आणि तिच्याबरोबरच्या सामाजिक परिषदेत रानड्यांनी पुनरुज्जीवन की सुधारणा या विषयावरचे आपले गाजलेले भाषण केले. जुने पुन्हा जिवंत करायचे म्हणता, तर कोणते जुने, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वर्षी प्लेग होता, पुण्यात रँडचा खून झाला होता, टिळक तुरुंगात होते. इतक्या क्षोभात दिलेले ते व्याख्यान आजही वाचावे; त्यात धार पुष्कळ आहे, पण चीड शोधून सापडत नाही. मोर्शीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, ५५ वर्षांचा तो भरदार देहाचा माणूस तासभर उभा राहून बोलला. त्यानंतर तीन वर्षांनी तो गेला.

या ठिकाणी पाश्चात्यांकडे एकदा पाहून यावे लागेल, कारण काळजाला लागते याचा पुरावा गोळा करण्याचे काम त्यांनीच केले. हृच्छूलाचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डनने १७६८मध्ये वैद्यांच्या सभेत वाचले. त्याच पिढीतला शस्त्रवैद्य जॉन हंटर याला हा विकार होता. तो महाकोपिष्ट. आपला जीव कोणाही डिवचणाऱ्या टवाळाच्या हाती आहे, असे तो म्हणे. आणि १७९३मध्ये रुग्णालयाच्या सभेत वादावादी झाली तेव्हा तो खरोखरच कोसळून मेला. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर, देवीची लस काढणारा, याला गुरूच्या दुखण्याचे मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आहे हे आधीच उमगले होते. ते गुरूच्या कानी जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला. तिकडेही गिळणारे होते.

१९५९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी हंटरसारख्यांचा एक वर्गच केला. सदा घाईत, सदा चढाओढीत, सदा चिडलेला तो 'अ' प्रकार, आणि त्याला हृदयविकार अधिक. ३,०००हून अधिक पुरुषांची साडेआठ वर्षे पाहणी झाली, त्यात हा सिद्धान्त खरा ठरलासा वाटला. पण त्याच पुरुषांचा हिशेब २२ वर्षांनी पुन्हा मांडला तेव्हा तो जुळेना. पुढे तंबाखूच्या कंपन्यांची कागदपत्रे उघडी पडली, तेव्हा या संशोधनाला त्यांचे पैसे मिळत होते हेही बाहेर आले. त्यांचा हेतू उघड होता. माणूस स्वभावाने मरतो असे ठरले, तर सिगारेट सुटते! आमच्या ओसरीवर बायकोकडे पाहणारा तो तिसरा गृहस्थ आणि हे कंपनीवाले यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही सोयीचा आरोपी हवा असतो. त्या सिद्धान्तातला टिकलेला अंश म्हणजे दीर्घद्वेष आणि कडवटपणा. घाई निर्दोष सुटली म्हणायला हरकत नाही.

बायकांकडे शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. स्टॉकहोममध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरून परतलेल्या २९२ बायकांची पाहणी २०००मध्ये प्रसिद्ध झाली. नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी ज्यांचे तीव्र बेबनाव होते, त्यांना दुखणे पुन्हा उलटण्याचा धोका सुमारे २.९ पट निघाला. नोकरीतल्या ताणाने तसे काही दिसले नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे १९४८पासून चालू असलेल्या प्रसिद्ध पाहणीच्या दुसऱ्या पिढीत ३,६८२ स्त्री-पुरुषांना १० वर्षे पाहिले. ती हकीकत २००७ची. त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता: नवरा-बायकोत खटका उडाला, म्हणजे तुम्ही मनातले बोलता की मनात ठेवता? मनात ठेवणाऱ्या बायकांत त्या १० वर्षांत मृत्यूचे प्रमाण बोलणाऱ्या बायकांच्या चौपट होते. मनात ठेवणाऱ्या पुरुषांत तसा फरक आढळला नाही. पुरुषांचे दुखणे दुसरीकडून आले. ज्यांच्या बायका कामावरून वैतागून घरी येत, त्या नवऱ्यांत हृदयविकार अधिक निघाला. चौपट हा आकडा सर्व कारणांनी आलेल्या मृत्यूंचा आहे, एकट्या हृदयविकाराचा नाही, हे सांगितले पाहिजे. आणि सोबत आढळणे म्हणजे कारण ठरणे नव्हे, हेही. पण चरकाच्या त्या अध्यायाजवळ इतक्या उशिराने का होईना, कोणी तरी येऊन उभे राहिले.

आता हे माप घेऊन रानड्यांच्या घरी परत आलो, तर ते बसत नाही! गिळण्याने बाईला धोका, पुरुषाला नाही, असे अमेरिकेचे आकडे सांगतात. आणि या घरात दोघेही गिळीत असता गेले ते माधवराव. सोपे उत्तर देण्याचा मोह मी आवरतो. माधवरावांचा देह स्थूल होता, काम बैठे होते, वाचन अहोरात्र चाले, आणि रक्तदाब मोजण्याचे साधन तेव्हा इथे कोणाच्या हाती नव्हते. ते गिळण्याने गेले असे म्हणणे म्हणजे पुन्हा ओसरीवरचा निकाल देणे होय. तरी एक फरक नजरेआड करता येत नाही. माधवरावांना लिहायला, बोलायला, सभा भरवायला सारा हिंदुस्थान होता. १९००मध्ये, दुखणे सुरू असतानाच, त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ निघाला. रमाबाईंना त्या वेळी तसे काही नव्हते. त्यांना होते ते माधवराव.

त्या डिसेंबरात लाहोरला सभा होती. तिथे जाण्याचा त्यांचा निश्चय होता. डॉक्टरांनी मनाई केली. वसिष्ठ आणि विश्वामित्र या विषयावर तयार केलेले त्यांचे भाषण गोपाळराव गोखल्यांनी तिथे वाचले. शांत वसिष्ठ आणि तापट विश्वामित्र, हा विषय त्यांनी अखेरच्या भाषणासाठी निवडावा याला योगायोग म्हणावे की काय, कोण जाणे. छातीतल्या कळा वाढत गेल्या, दीर्घ रजा घ्यावी लागली, आणि १६ जानेवारी १९०१च्या रात्री, ५९ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस असताना, मुंबईला सर्व संपले.

आठवणींचा अखेरचा भाग या दुखण्याचा आहे. सबंध पुस्तक संयमाने लिहिणारी बाई तिथे येऊन स्वतःला आवरू शकत नाही, आणि सुदैवाने आवरीतही नाही. गोखल्यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. न्यायमूर्तींच्या थोरवीचे स्मारक म्हणून ते वाचले गेले, आजही वाचले जाते. मी ते हल्ली निराळ्या कारणाने वाचतो. जिला २७ वर्षे उलट न बोलण्याची शिकवण मिळाली, ती या पानांत पहिल्याने आणि सर्वांदेखत रडली आहे.

त्यानंतर रमाबाई २३ वर्षे जगल्या. पुण्याचे सेवासदन १९०९मध्ये सुरू झाले. तिथे येणाऱ्या मुलींत बालविधवा पुष्कळ होत्या. माहेरी-सासरी कोठेच जागा नसलेल्या, तोंड न उघडण्याची पक्की सवय लागलेल्या. त्यांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठवायचे ठरले, तेव्हा परक्या पुरुषांची आजारपणे काढायला ब्राह्मणाच्या मुली जाणार म्हणून पुण्यात गहजब झाला. या वेळी मात्र रमाबाईंनी सोसले नाही. मुलींच्या नातेवाइकांशी त्या घरोघर जाऊन बोलल्या.